गाभण गाईचा डोळा काढायचा, की ती विईपर्यंत थांबायचं?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या गाईच्या उजव्या डोळ्यात, आतल्या कोपऱ्याला, वर्षभरापूर्वी गुलाबी मांस वाढलेलं दिसलं. वडस असेल म्हणून मलम लावणं चालू राहिलं. आता ती गाठ अंगठ्याच्या पेराएवढी झाली आहे, बुबुळावर चढली आहे, तिच्यातून रक्त येतं आणि वासही मारतो. डॉक्टरांनी हा कर्करोग दिसतोय, डोळा काढावा लागेल, असं सांगितलं आहे. गाय सात महिन्यांची गाभण आहे. सासऱ्यांचं म्हणणं, आधी विऊ दे, आत्ता कापाकापी केली तर गायही जाईल आणि वासरूही. ओळखीतल्या एका गाईचा डोळा असाच काढला होता, तिची जखम कित्येक महिने वाहत राहिली. त्या लिहितात, "एका डोळ्याच्या गाईकडे मला बघवणार नाही. मुक्या जनावराला आपण हातानं अधू करायचं का?"

ताई,

तुम्ही डोळा काढावा की नाही असं विचारलं आहे, पण पत्रातलं वर्णन वाचताना मला वाटलं, डोळा म्हणावा असं तिथे आता उरलंय किती? बुबुळावर गाठ, पापण्या दिवसभर मिटलेल्या, गालावरून ओली रेघ आणि तिच्यावर माश्या. त्या डोळ्यानं तिला काही दिसत असेल असं वाटत नाही. तरी माझ्या अंदाजावर जाऊ नका, स्वतः पाहा. तिच्या चांगल्या डोळ्यावर जाड फडकं हलक्या हातानं बांधा, मोरकी धरा आणि गोठ्यातल्याच मोकळ्या जागेत, वाटेत वैरणीचा एक भारा ठेवून, तिला सावकाश चालवा. भाऱ्याला अडखळली किंवा पाऊलच उचलेना, तर उत्तर मिळालं. लगेच फडकं सोडा, गाभण जनावराला जास्त घाबरवायचं नाही. ही तपासणी सासऱ्यांच्या समोर करा. त्यांचा विरोध डोळा वाचवण्यासाठी असेल, तर वाचवायला काय शिल्लक आहे हे त्यांनाही दिसेल.

अधू करण्याबद्दल. गाय दुखणं लपवते. माणसासारखी कण्हत नाही, म्हणून आपल्याला वाटतं तिला फार त्रास नसावा. गव्हाणीवर ती इतरांच्या मागून येते का, त्या बाजूचा कान खाली पडलेला असतो का, डोक्याजवळ हात नेला की मान झटकते का, हे चार दिवस बघा. बुबुळाला व्रण झालेला डोळा अतिशय दुखरा असतो. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरली की यातल्या बऱ्याच गाई पूर्वीपेक्षा जास्त खायला लागतात, कारण सततचा ठणका थांबलेला असतो.

आणि एका डोळ्यानं गाय जगते, चांगली जगते. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. दोन्ही मिळून तिला जवळजवळ ३३० अंशांचं दिसतं, फक्त ढुंगणामागचा थोडा पट्टा सुटतो. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा भाग त्यात अगदी थोडा, नाकासमोरचा. एक डोळा गेला की एक बाजू गेली, आणि अंतराचा अंदाज जरा बिघडतो. तुमच्या गाईची ती बाजू हळूहळू गेली आहे, म्हणजे मान वळवून बघायची सवय तिला बहुधा आत्ताच लागलेली असेल. चरणं, रवंथ, माजावर येणं, विणं, दूध देणं यांतलं काहीही एका डोळ्यावाचून अडत नाही. तुम्हाला बघवणार नाही, हे मात्र मी समजू शकतो. पहिले काही दिवस तो चेहरा खरंच भयानक दिसतो. नंतर केस येतात, कातडी आत बसते, आणि तिथे मिटलेल्या पापणीसारखा खोलगट भाग राहतो.

आता आजाराकडे. डोळ्याभोवतीची कातडी पांढरी किंवा गुलाबी असलेल्या जनावरांत, वय वाढल्यावर, वर्षानुवर्षांच्या उन्हानं पापणीच्या कडेला, तिसऱ्या पापणीवर (आतल्या कोपऱ्यातला पातळ पडदा) किंवा पांढऱ्या-काळ्या भागाच्या सीमेवर असा कर्करोग होतो. सुरुवात पांढरट चकत्यासारखी किंवा बारीक मशासारखी असते. त्या वेळी ती गाठ गोठवून नष्ट करता येते, नुसती कापून काढता येते, किंवा फक्त तिसरी पापणी काढून काम भागतं. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही, ज्यांच्या गोठ्यात आज अशी मोहरीएवढी गाठ आहे त्या वाचकांसाठी लिहितोय. तुमच्या गाईच्या बाबतीत बुबुळावर पसरलेली गाठ पाहता तो टप्पा गेलेला दिसतो. तरीही डॉक्टरांना एकदा सरळ विचारा, "नुसती तिसरी पापणी काढून भागेल का?" ते नाही म्हणाले तर का, हेही विचारा. प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, तो कर्करोग पसरला आहे का याचा. कानाच्या मुळाखाली, जबड्याच्या सांध्याच्या जरा मागे एक लसिका ग्रंथी असते. डोळ्याचा कर्करोग पसरायला लागला की बहुतेकदा आधी तिथे पोचतो. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोटं ठेवून तुलना करा. उजवीकडची मोठी, टणक, हलवली तर न हलणारी लागली, तर डॉक्टरांना ती आवर्जून दाखवा, हवं तर सुईनं नमुना घ्यायला सांगा. डोळ्यात इतकी घाण असताना नुसत्या संसर्गानंही ती सुजू शकते, म्हणून लागली की लगेच हातपाय गाळू नका. पण कर्करोग तिथे पोचला असेल, किंवा खोबणीचं हाड खाल्लं गेलं असेल, तर सगळं गणित बदलतं. मग शस्त्रक्रियेनं थोडे दिवस आराम मिळेल, आजार जाणार नाही. तशा वेळी वासरू होईपर्यंत दुखणं आवरता येईल का, की गाईला वेदनेविना जाऊ देणं बरं, याची चर्चा डॉक्टरांशी मोकळेपणानं करावी लागते. ग्रंथी साफ असेल, तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: थांबू नका.

सासऱ्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. सहावा महिना उलटला की गाभणपणाचा शेवटचा तिसरा भाग सुरू होतो आणि त्यात काही औषधं खरोखर अडचणीची असतात. गुंगीसाठी सर्रास दिलं जाणारं झायलाझिन गर्भाशय आकसायला लावतं आणि त्याचा रक्तपुरवठा कमी करतं. गाईला ते मुळात फार थोडं पुरतं, घोड्याच्या मानानं साधारण दहाव्या हिश्श्याइतकं. गाभण गाईत डॉक्टर ते टाळतात, दुसरं गुंगीचं औषध अगदी हलक्या मात्रेत देतात किंवा नुसत्या जागेवरच्या भुलीवर काम करतात. दुसरं औषध म्हणजे सूज उतरवायला दिलं जाणारं डेक्सामेथासोन. शेवटच्या महिन्यांत त्यानं गाय गाभडू शकते. म्हणून डॉक्टर आले की बॅग उघडण्याआधीच सांगा, "सात महिने झालेत." कागदावर लिहून खोड्याला अडकवून ठेवा. ऐनवेळी दुसरेच डॉक्टर येतात, मदतनीस बदलतो, आणि पोट बघून महिना कळतोच असं नाही.

पण विऊ दे, मग बघू, यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की व्याल्यानंतर गाय शस्त्रक्रियेला जास्त तयार असेल. असतं उलटं. व्याल्यानंतरचे पहिले आठवडे दुभत्या गाईच्या अंगावर सगळ्यात जड जातात. दूध वर चढत असतं, खाणं मागे पडलेलं असतं, कॅल्शियम घसरतं, प्रतिकारशक्ती उतरलेली असते, कासदाह आणि वार अडकणं याच दिवसांत होतं. त्यात डोळा काढायचा, आणि तोही दोन-अडीच महिने आणखी वाढलेल्या गाठीसकट. आज जे खोबणीपुरतं आहे ते तोवर खोबणीपुरतं राहील याची हमी कोणी देणार नाही. शिवाय सातव्या महिन्यात तुम्ही तिला आटवायला घेतलंच असेल, म्हणजे औषधांमुळे दूध टाकून द्यायचे दिवसही आत्ताच सगळ्यात कमी.

शस्त्रक्रिया गाय उभी ठेवूनच करता येते, आणि गाभण गाईला आडवं पाडायचं नसतं. ती खोड्यात, डोकं एका बाजूला वळवून मोरकीनं पक्कं बांधलेलं. डोळ्याच्या मागे लांब सुईनं भूल दिली जाते. चार ठिकाणी टोचून किंवा डोळ्यामागच्या कमानीखालून एकाच ठिकाणी खोल. मग दोन्ही पापण्या एकमेकींना शिवून टाकतात, म्हणजे आतली घाण जखमेत येत नाही. शिवणीपासून साधारण बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर सभोवार चीर घेतात आणि पापण्या, तिसरी पापणी, गोळा असं एकत्रच मोकळं करत आत जातात. कर्करोगात नुसता गोळा काढून चालत नाही, खोबणीतले स्नायू, चरबी, अश्रुग्रंथी सगळं काढावं लागतं. शेवटी मागची नस आणि रक्तवाहिनी कापली की रक्त येतंच. जागा अरुंद असते, प्रत्येक वाहिनी बांधता येत नाही. खोबणीत जाळीदार कापडाच्या (गॉझच्या) घड्या दाबून, वरून कातडी घट्ट शिवून ते थांबवतात. पाहणाऱ्याचे पाय लटपटतात, एवढं ते दिसतं. रक्त बघून भोवळ येणाऱ्यानं मोरकी धरायला जाऊ नये.

भूल देतानाच एक धोका असतो. सुई डोळ्याच्या नसेच्या आवरणात शिरली तर औषध थेट मेंदूकडे जातं आणि गाय कोसळू शकते. डोळा ओढला जाताना हृदयाचे ठोके मंदावू शकतात. दोन्ही क्वचित होतं, आणि सुई मागे ओढून बघणं, हळू टोचणं हे डॉक्टरांच्या हातात असतं. तुमच्या हातात वेळ आहे: सकाळी करायला सांगा, म्हणजे पुढचा अख्खा दिवस तिच्यावर लक्ष ठेवता येईल. माश्या कमी असलेले दिवस निवडता आले तर फारच बरं. धनुर्वाताची लस झालेली आहे का तेही आधी विचारा.

एक वही खोड्यापाशी ठेवा आणि आत किती घड्या घातल्या तो आकडा शिवण होण्याआधी लिहून घ्या. काही डॉक्टर आत काहीच ठेवत नाहीत. काही जण लांब पट्टी भरून तिचं टोक बाहेर ठेवतात आणि एक-दोन दिवसांत ती ओढून काढतात. दोन्ही चालतं. पण आत राहिलेली एक विसरलेली घडी महिनोन् महिने पू वाहवते, आणि मग घरचे म्हणतात गाईचं नशीब.

तुमच्या ओळखीतल्या त्या गाईचं काय झालं असेल, ते मी न बघता सांगू शकत नाही. पण अशी जखम दीर्घकाळ वाहते तेव्हा कारणं ठरलेली असतात. घडी राहिलेली असते. किंवा अश्रुग्रंथीचा, तिसऱ्या पापणीचा, आतल्या ओलसर अस्तराचा तुकडा राहिलेला असतो, तो पाणी झिरपवतच राहतो आणि वरची कातडी मिटू देत नाही. किंवा खोबणीत साचलेलं रक्त पिकलेलं असतं आणि निचऱ्याला वाट मिळालेली नसते. किंवा कर्करोगच परतलेला असतो. या प्रत्येकाला वेगळा उपाय आहे, आणि इंजेक्शनांचा आणखी एक कोर्स हा बहुतेक वेळा त्यांतला नसतो, कारण गोठलेल्या रक्ताच्या पोकळीत औषध नीट पोचत नाही. जखम पुन्हा उघडून आत बघावं लागतं. मालक दुसऱ्यांदा कापायला तयार होत नाहीत, तिथेच महिने जातात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत खोबणीवर चांगली फुगीर सूज येईल. शिवणीतून तांबडं पाणी ठिबकेल, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचा अंश दिसेल. हे अपेक्षित आहे, त्याला घाबरून कोणाला टाके सैल करायला लावू नका, त्या घट्टपणानंच रक्त थांबलेलं असतं. सूज तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरायला हवी. दुखण्याचं औषध पहिल्या दिवसावरच थांबवू नका, मेलॉक्सिकॅमसारखं औषध किती दिवस द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सकाळ-संध्याकाळ ताप बघा. गाईचं तापमान साधारण १०१.५ फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं, रवंथ थांबली, उतरलेली सूज पुन्हा वाढून गरम लागली, घाण वास आला, तर संसर्ग धरा आणि त्याच दिवशी बोलवा. अशा वेळी डॉक्टर खालचे एक-दोन टाके काढून पू बाहेर काढतील, खोबण धुतील आणि ती जागा उघडीच ठेवतील, आतून भरून यायला. ते पाहून शस्त्रक्रिया वाया गेली असं समजू नका. वेळ जास्त लागतो, पण गाय बरी होते. डोळ्याच्या पृष्ठभागावर आधीपासून घाण असल्यामुळे ही जखम पहिल्यापासून शंभर टक्के स्वच्छ नसतेच. रक्त थेंबांऐवजी धारेनं येत असेल, तर मात्र ताप बघत बसू नका, लगेच फोन करा. आणि गाय डोकं वाकडं धरते, गोल फिरते, गुंगल्यासारखी उभी राहते असं दिसलं, तर रात्र असली तरी बोलवा. खोबणीतून मेंदूकडे जाणारी वाट आहे आणि संसर्ग क्वचित त्या वाटेनं जातो.

माश्यांबद्दल एवढंच, की अळ्या पडायला एक दुपार पुरते. शिवणीभोवती, शिवणीवर नाही, माशी दूर ठेवणारं औषध डॉक्टरांना विचारून लावा. जखमेत घरगुती पूड, तेल, राख काहीही घालू नका. गाय खांबाला डोकं घासत असेल तर तो खांब तिच्या दाव्याच्या टप्प्यातून बाहेर ठेवा, टाके उसवण्याचं ते नेहमीचं कारण आहे. टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी निघतात.

काढलेला डोळा पुरून टाकू नका. त्याचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (नमुना कुजू न देणारं द्रावण) प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. खरंच कर्करोग होता का, आणि कापलेल्या कडेपर्यंत तो पोचला होता का, हे तिथे कळतं. कडा साफ नसतील तर पुढचे महिने खोबणीच्या कातडीखाली नवी गाठ आणि कानाखालची ग्रंथी दर महिन्याला चाचपायची. दुसऱ्या डोळ्याभोवतीची कातडीही तितकीच गोरी असेल, तर तोही दर महिन्याला उजेडात, पापणी उलटून बघायचा, आणि भर दुपारी तिला सावलीत ठेवायचं.

वासराची काळजी करू नका, हा आजार पोटातून जात नाही आणि शेजारच्या गाईलाही लागत नाही. वासराच्या डोळ्याभोवतीची कातडी आईसारखीच गोरी निघाली तर धोका जास्त, म्हणून त्याचे डोळे लहानपणापासून बघत जा, एवढंच.

गोठ्यात तिची जागा बदलावी लागेल. दावणीच्या टोकाला, काढलेली बाजू भिंतीकडे, म्हणजे शेजारणीचं शिंग न दिसता लागणार नाही. त्या बाजूनं जाताना आधी आवाज द्या, मग हात लावा. धार काढणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, नाहीतर दचकून मारलेल्या लाथेचा ठपका गाईवर येतो. व्यायच्या आधी दोन आठवडे तिला मोकळ्या, ओळखीच्या जागेत एकटी ठेवा. आणि व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस वासरू तिच्या दिसत्या बाजूला ठेवा, चाटू द्या. आंधळ्या बाजूला पडलेल्या वासरावर तिचा पाय नकळत पडू शकतो.